बेबीचं तिकीट

छापखान्यात त्याला सगळे 'भिंग' म्हणत. भाची लहानपणापासून 'मामा' म्हणायची. शेजाऱ्यांनी दोन्ही एकत्र करून टाकलं आणि माणूस कायमचा भिंगमामा झाला.

औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला तो कागद असतो ना, मुंगीला चष्मा लागेल इतक्या बारीक अक्षरांचा, जो खोकं उघडल्याबरोबर आपण फेकून देतो? तो कागद भिंगमामा वाचायचा. एकतीस वर्षं. ओळीवर पट्टी, डोळ्याला भिंग, कानावर लाल पेन. चूक सापडली की ओरडायचा नाही, नाकातून नुसतं "हं" करायचा. त्या 'हं'ची दहशत अशी, की पलीकडच्या खोलीतला मशीनवाला मशीन थांबवून मोकळा व्हायचा.

बोलतानाही त्याची पट्टी फिरतच असे. शेजारीण म्हणाली, "मामा, पाण्याचा प्रेशर खूप जास्त आहे आज," तर हा म्हणणार, "खूप किंवा जास्त. एकच ठेवा." ती म्हणणार, "बरं, खूप ठेवते, पण नळ बंद करा की आधी, जिन्यात पाणी आलंय!"

लग्न त्याने केलं नव्हतं. "मजकूर जुळला नाही," असं स्वतःच सांगायचा. धाकटी बहीण बेबी नवरा गेल्यावर त्याच्याकडे राहायला आली, त्याला बारा वर्षं झाली. बेबी अठ्ठावन्न वर्षांची. मोहल्ल्यात बेबीताई, भाचरांत बेबीमावशी, दुधवाल्याच्या वहीत 'बेबी दुसरा मजला'. तिचं शाळेत घातलेलं एक भारदस्त नाव होतं, पण ते कागदपत्रांबरोबर कपाटात राहायचं.

आता भिंगमामाचा छंद. एकदा त्याच्या लक्षात आलं, की विमानाची भाडीसुद्धा शेवटी कुठल्यातरी कचेरीत कुठलातरी माणूसच टाइप करतो. आणि माणूस आहे म्हणजे डुलकी आहे, डुलकी आहे म्हणजे एखादं शून्य गळणार आहे. मग तो रोज जेवणाच्या सुट्टीत फोनवर भाडी वाचायला लागला. दुसरे लोक बातम्या वाचतात तसं. त्यातूनच त्याला 'शून्य मंडळ' सापडलं. एकमेकांना कधीही न भेटलेले पन्नासेक लोक, सगळे अशाच चुकलेल्या भाड्यांच्या मागावर. खरं नाव कोणी लावायचं नाही. एक होती खिडकीवाली, एक होता हातपिशवी, आणि सगळ्यांवर डोळे वटारणारा हेडमास्तर.

हेडमास्तर दर सोमवारी नियम टाकायचा. "नियम पहिला. आधी बुक करा, मग ओरडा. नियम दुसरा. कंपनीला फोन करायचा नाही. नाही म्हणजे नाही. जेवण काय आहे विचारायलासुद्धा नाही. एकाचा फोन गेला की कंपनीला जाग येते आणि सगळ्यांची तिकिटं रद्द होतात. चौदा दिवस तोंडाला कुलूप."

मामा स्वतः कधी विमानात बसला नव्हता. दोनदा बुक केलं, दोनदा कंपनीने रद्द करून पैसे परत केले, आणि दोन्ही वेळा त्याला काडीचं दुःख झालं नाही. त्याला शून्य सापडल्याचाच आनंद. एवढंच कधीतरी मनात यायचं, की ज्याच्या हातून ते पडलं त्याचं काय झालं असेल? छापखान्यात एकदा एका गोळीच्या वजनातलं टिंब पडलं होतं. मामाने पकडलं, मालकाने मामाला पेन दिलं, आणि टाइप करणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. मामा ते पेन वापरत नसे.

पण या खेपेला नुसता छंद नव्हता. बेबीची मुलगी, मामाची एकुलती एक भाची, दोन समुद्र ओलांडून पलीकडे राहत होती. आठवा महिना. रक्तदाब चढलेला. डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उठायलाही बंदी केलेली. नवरा बोटीवर, तो बाळ झाल्यावर महिन्याने येणार. घरात ती आणि एक फिशटँक.

"दादा, ती म्हणते, आई तू नको येऊस, उगाच खर्च," बेबी म्हणाली.

"म्हणजे ये."

"तेच ना रे."

सरळ भाड्याने जायचं तर दोघांचं वर्ष गहाण पडलं असतं. बेबीने ते बोलून दाखवलं नाही. ती फक्त रोज फोन ठेवला की स्वयंपाकघरात जाऊन आधीच घासलेलं पातेलं पुन्हा घासायची. मामा बाहेरच्या खोलीत बसून तो आवाज ऐकायचा.

एका मंगळवारी, जेवणाचा डबा उघडा, घास हातात, आणि फोनवर भाड्याची ती ओळ. मामाने एकदा वाचली. पट्टी नव्हती म्हणून बोट लावून वाचली.

"हं."

पलीकडे मशीन थांबलं. "काय राहिलं रे भिंग?" मशीनवाला ओरडला.

"तुझं नाही! चालू ठेव!"

पूर्ण शून्य गळलं होतं. बरोबर त्याच शहराचं, आणि तारीख अठरा दिवसांनंतरची. असली भाडी तासभर टिकली तरी नशीब. मामाने खिशातली डायरी काढली. बेबीच्या पासपोर्टाचा नंबर तिच्यात उतरवून ठेवलेला, तो पाहून टाइप केला, दोनदा तपासला. जन्मतारीख पाहून टाइप केली, दोनदा तपासली. पासपोर्टाची मुदत तीनदा. एकही चूक नाही. दाबलं. तिकीट आलं. मग मंडळात एकच शब्द टाकला, "हं", आणि खाली शहराचं नाव. अर्ध्या तासात एक्केचाळीस जणांनी तिकिटं काढली. तीन वाजता कंपनीने शून्य परत चिकटवलं.

संध्याकाळी बेबीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "स्वेटर उसवलाय माझा," आणि सुई शोधायला उठली.

गुरुवारी मामाने तिकीट छापून आणलं. बेबीने चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि शाळेतल्यासारखं एकेक अक्षर लावत वाचायला लागली. नंबर वाचला, वेळ वाचली. मग थांबली आणि खुदकन हसली.

"अगं बाई! बघ रे दादा! विमानवाल्यांनासुद्धा मी बेबीच!"

 मामाने कागद तिच्या हातून घेतला. आडनाव बरोबर. त्याच्या आधी, मोठ्या ठळक अक्षरांत, बेबी.

नंबर त्याने पाहून टाइप केला होता. तारीख पाहून. पण सख्ख्या बहिणीचं नाव कोण डायरीत बघतं? ते बोटांनी आपणहून लिहिलं होतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणारा माणूस तीन वेळा त्या कागदावरून गेला होता आणि तीन वेळा त्याला ते बरोबरच दिसलं होतं. कारण ते बरोबरच होतं. पासपोर्ट सोडला तर सगळीकडे.

"काय झालं?" बेबीने विचारलं.

"काही नाही. शाई फिकट आलीये."

तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टावरचं नाव जुळलं नाही तर विमानतळावरूनच परत पाठवतात, हे त्याला पाठ होतं. नाव दुरुस्त करायला कंपनीला फोन करावा लागतो, हेही. आणि फोन केला की समोरचा माणूस तिकीट उघडणार, भाडं बघणार. त्यांची चूक झाकायची तर आपली उघडी ठेवायला हवी. आपली झाकायला जावं तर त्यांची उघडी पडते. मामा रात्रीचं जेवण तसंच ठेवून उठला. बेबी म्हणाली, "माझ्या जाण्याचं आत्तापासून मनाला लावून घेऊ नकोस रे!" त्यावर तो हसल्यासारखं करून मोरीत गेला.

शुक्रवारी त्याने मंडळात दबकत विचारलं, "समजा, एखाद्याचं नाव लिहिण्यात चुकलं, तर?"

हेडमास्तर लगेच हजर. "समजा-बिमजा नाही. कोणाचं चुकलंय ते स्पष्ट सांगा. नियम दुसरा वाचा."

खिडकीवाली म्हणाली, "मेलं ते तिकीट असं समजायचं आणि पुढच्या शून्याची वाट बघायची. मी तर बाई तसंच करते."

आणि हातपिशवी. तो कुठेतरी केस कापायचं दुकान चालवायचा. विरामचिन्हांशी त्याचं वैर होतं. त्याने लिहिलं, "भाऊ तुमचं आहे का घाबरू नका पण फोन तेवढा करू नका माझे वडील सहा वर्षं वाट बघताहेत त्यांना सांगून टाकलंय येतोय म्हणून"

मामाने मनातल्या मनात तीन ठिकाणी स्वल्पविराम दिले.

मग सुरू झाले गप्प बसायचे दिवस. घरात बेबी बॅग भरायची, वजन करायची, उपसायची, परत भरायची. बाळासाठी शिवलेली टोपडी एकात एक घालून बुटात ठेवायची, "जागा वाचते." मामा 'हो हो' म्हणायचा. बोलायला तोंड उघडायचा आणि "पाणी दे" म्हणायचा. त्या आठवड्यात त्याने जेवढं पाणी मागितलं तेवढं कधी मागितलं नसेल.

छापखान्यात आक्रीत घडलं. एका कागदावर 'दिवसातून तीन वेळा' हे लागोपाठ दोनदा छापलं गेलं, म्हणजे माणसाने सहा वेळा गोळी घ्यायची की काय, आणि ते मामाच्या टेबलावरून सही होऊन पुढे गेलं. पकडलं कोणी? मशीनवाल्याने! तो कागद नाचवत आला.

"भिंग! भिंगाला तडा गेला काय रे?"

सगळे हसले. मामा हसला नाही. त्याने कागद घेतला, लाल पेनने एक ओळ छाटली आणि मान खाली घालून बसला. मशीनवाल्याचं हसू विरलं. "बरं नाही का तुला? घरी जा बाबा. मी सांगतो मालकाला."

तिकीट काढल्यापासून दहाव्या दिवशी भाचीचा फोन आला, चेहरा दिसणारा. ती दवाखान्यात होती. तोंड सुजलेलं, डोळे बारीक, हाताला पट्टा बांधलेला, आणि तो पट्टा दर दोन मिनिटांनी आपोआप फुगायचा.

"मामा, घाबरू नकोस, नुसतं लक्ष ठेवायला ठेवलंय मला. रात्री इथे कोणी नसतं रे. नर्स येते, पट्टा बघते, जाते. माझ्याकडे बघतच नाही." तिने नर्सचा आवाज काढला, "'गुड, गुड, व्हेरी गुड.' काय गुड, विचार ना तिला!" हसता हसता तिचा आवाज चिरकला. "आई येतेय ना? नक्की? तिकीट नीट आहे ना?"

बेबी मामाकडे बघून हसली. भाचीच म्हणाली, "पण तू बघितलंयस म्हणजे प्रश्नच नाही."

फोन बंद झाल्यावर मामाने सांगून टाकलं. सगळं. शून्य कसं गळलं, नाव कसं पडलं, फोन का करायचा नाही. बेबी पलंगावर टोपडी मांडून बसली होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"जगाचं तपासतोस," ती एवढंच म्हणाली.

मामा तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"मग फोन कर," ती म्हणाली.

"केला तर एक्केचाळीस जणांची तिकिटं जातील. आपलंही जाईल कदाचित."

"त्यांच्यातली कोणी दवाखान्यात पडलीये का आठव्या महिन्यात?"

"एकाचे वडील आहेत. सहा वर्षं भेटला नाहीये."

बेबीने टोपडं उचललं, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "हे मला कशाला सांगितलंस?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "नको करूस मग. मी तशीच जाते. अडवलं तर तिथेच बसून रडेन. म्हातारी बाई रडायला लागली की लोक सोडतात."

"नाही सोडत गं बेबी."

"ठाऊक आहे मला!" ती एकदम ओरडली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मामा छापखान्याच्या मागच्या जिन्यात जाऊन उभा राहिला, जिथे कागदाच्या रद्दीचे गठ्ठे ठेवतात. बावीस मिनिटं फोनमध्ये बासरी वाजली. मग एक मुलगी आली, श्वास न घेता बोलणारी.

"आपला-कॉल-आमच्यासाठी-मोलाचा-आहे-मी-आपली-काय-मदत-करू-शकते-सर?"

मामाने तिकिटाचा नंबर सांगितला. "नाव चुकलंय."

"सर, नावात बदल करता येत नाही. तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही, सर."

"बदल नाही. दुरुस्ती." मामाचा आवाज अचानक छापखान्यातल्या टेबलावरचा झाला. "बदल म्हणजे एकाच्या जागी दुसरं माणूस. दुरुस्ती म्हणजे माणूस तेच, अक्षरं चुकलेली. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

 पलीकडे कीबोर्डच्या कळा बडवल्याचा आवाज. "सर, इथे प्रवाशाचं नाव बेबी आहे. बाळाबरोबर मोठं माणूस कोण आहे?"

"बाळ नाहीये हो. बहीण आहे माझी."

"वय, सर?"

"अठ्ठावन्न."

मुलीने एक विचित्र आवाज केला. खोकला होता की हसू, कळलं नाही. मग पहिल्यांदाच ती माणसासारखी बोलली. "काका, एक मिनिट हं. ज्या बाळाचं नाव ठेवलेलं नसतं ना, त्याच्या तिकिटावर आम्ही 'बेबी' लिहितो. नंतर नाव ठेवलं की ते भरायची सोय आहे, तो बदल धरत नाहीत. मला फक्त विचारावं लागतं..." ती थांबली. "नाव ठेवलं का?"

"ठेवलं," मामा म्हणाला. "अठ्ठावन्न वर्षांपूर्वी."

त्याने बहिणीचं पासपोर्टावरचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. मुलीने एकेक अक्षर परत म्हणून दाखवलं. मग तिचं बडवणं थांबलं.

"काका... हे भाडं बरोबर आहे का?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्याला हजारदा विचारला गेला होता, आणि दरवेळी त्याने खरं उत्तर दिलं होतं.

"मला जे दिसलं, ते मी भरलं," मामा म्हणाला.

"मला वरिष्ठांना विचारावं लागेल. होल्ड करा हं."

पुन्हा बासरी. मामा रद्दीच्या गठ्ठ्यावर बसला. नऊ मिनिटांनी मुलगी परत आली तेव्हा आवाज पुन्हा पाठ केलेला होता. "नाव-दुरुस्त-झालं-आहे-सर-आपल्याला-नवीन-तिकीट-पाठवलं-आहे-आणखी-काही-मदत?"

"आणि ते भाड्याचं?"

"आपल्या-तिकिटाला-काही-अडचण-नाही-सर."

'आपल्या' हा शब्द तिने जरा दाबून म्हटला. की मामालाच तसं ऐकू आलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी शून्य मंडळात बोंब झाली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस तिकिटं रद्द. 'तांत्रिक चुकीमुळे', पैसे सात दिवसांत परत. मामाने बेबीचं तिकीट उघडलं. ते होतं. हाताने नव्याने काढलेलं, नवा नंबर, नवं नाव. रद्द करायच्या यादीतून तेवढंच वेगळं पडलेलं.

"कोणी फोन केला?" हेडमास्तरने विचारलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तीन प्रश्नचिन्हं.

खिडकीवाली म्हणाली, "अहो, अकरा दिवस झाले होते, कंपनीला आपणहूनही कळलं असेल की." असेलही. मामाने त्या वाक्याला दिवसभर धरून ठेवलं.

संध्याकाळी हातपिशवीने लिहिलं, "जाऊ द्या वडिलांना सांगितलं दुकानात काम निघालंय म्हणून ते म्हणाले बरं बरं काम आधी"

मामाने या वाक्यात एकही स्वल्पविराम दिला नाही.

सात दिवस त्याने मंडळात अवाक्षर काढलं नाही. बोललो आणि कंपनीच्या कानावर गेलं तर? बेबी विमानात बसेपर्यंत नाही. विमानतळावर काचेच्या अलीकडे उभं राहून त्याने पाहिलं. टेबलामागच्या माणसाने पासपोर्ट बघितला, तिकीट बघितलं, पुन्हा पासपोर्ट. मग त्याने काहीतरी विचारलं. बेबी गोंधळून मागे वळून मामाकडे बघायला लागली. तो माणूस तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारत होता, आणि आपल्यालाच हाक मारतोय हे तिच्या ध्यानातच येत नव्हतं. मामाने काचेवर थापा मारल्या, बोटाने खुणा केल्या, "तूच! तूच!" पोलीस जवळ आला. तेवढ्यात तिची मान हलली. हो, मीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "दादा, पोचले रे. सरळ दवाखान्यातच आले. झोपलीये ती आत्ता. माझा हात सोडत नाहीये, एका हाताने फोन धरलाय. पाय बघवत नाहीत तिचे, पण दाब उतरलाय थोडा म्हणतात. नर्स आली होती, तिला म्हटलं, गुड काय ते मला नीट समजावून सांग." मग आवाज खाली आणून, "त्या माणसाला सांगितलंस का तू?"

"कोणत्या?"

"दादा."

"सांगतो," मामा म्हणाला.

छापखान्याला जायला अजून वेळ होता. घर शांत होतं, पातेली फळीवर पालथी. मामा टेबलाशी बसला आणि त्याने मंडळात लिहिलं. "फोन मी केला होता. माझ्या बहिणीचं नाव मी चुकवलं होतं. तिचं तिकीट टिकलं, ती पोचली. तुमची गेली. हातपिशवी, तुमच्या वडिलांचं मला माहीत होतं, आणि माहीत असून मी फोन केला." वाचून न बघताच त्याने पाठवून दिलं.

मग वरच्या बाजूला बारीक अक्षरांत उमटलं, की हातपिशवी लिहितो आहे. थांबला. पुन्हा लिहायला लागला. बरंच लिहीत होता. मामा फोन दोन्ही हातांत धरून, डोळे बारीक करून बघत राहिला.

आणि ते बारीक अक्षर पुसलं गेलं. त्याच्या जागी दुसरी ओळ आली. हेडमास्तरने तुम्हाला या मंडळातून काढलं आहे.